भावाच्या हातावरच्या जखमा: स्किझोफ्रेनियात स्वतःला इजा करून घेणं कसं ओळखायचं, काय करायचं

प्रश्न असा आहे: "माझा भाऊ २७ वर्षांचा. तीन वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात डोस वाढवला. दोन आठवड्यांपासून त्याच्या डाव्या हातावर ओरखडे आणि लहान जखमा दिसतात. विचारलं तर 'काही नाही' म्हणतो. कधी कधी भिंतीवर डोकं आपटतो. आई म्हणते, लक्ष वेधून घेतोय. मामा म्हणतात, बाहेरचं बघून घ्या. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर थांबू का?"

ताई, थांबू नका. तीन आठवड्यांनंतरची तारीख नेहमीच्या तपासणीसाठी असते. जखमा दिसायला लागल्या की ती तारीख रद्द झाली असं समजा. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: "डोस वाढवल्यानंतर, गेल्या दोन आठवड्यांपासून, हातावर जखमा दिसायला लागल्यात आणि तो डोकं आपटतोय." त्यातले "डोस वाढवल्यानंतर" हे शब्द गाळू नका. का, ते पुढे सांगतो.

उद्यापर्यंतही थांबायचं नाही अशी परिस्थिती कोणती? तो मरणाबद्दल बोलत असेल, कोणी नसताना ऐकू येणारे आवाज त्याला काहीतरी करायला सांगताहेत असं म्हणत असेल, डोळा, जीभ किंवा गुप्तांग यांबद्दल "हे पापी आहे", "हे माझं नाही", "हे काढून टाकायला हवं" असं काही बोलला असेल, जेवण-पाणी बंद केलं असेल, किंवा जखम खोल असेल, तर आजच, रात्र असली तरी, जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. त्याला एकट्याला सोडू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणाशी बोलायचं सुचेना तर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एक गोष्ट शिकलो, तीही चुका करून: जखम बघून उपचार ठरवता येत नाही. एकाच तऱ्हेचे ओरखडे घेऊन पाच रुग्ण आले तर पाचांची कारणं वेगळी निघतात. आणि कारण चुकलं की औषधही चुकतं, कधी कधी बरोबर उलट्या दिशेने.

माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एक तरुण आला, संशय आणि आवाज दोन्ही. हॅलोपेरिडॉल हे या आजारावरचं जुनं औषध चालू केलं. आठवड्याने आई त्याला घेऊन आली: खोलीत येरझाऱ्या घालतो, झोपत नाही, मांड्यांवर बुक्के मारतो, डोकं आपटतो. मला वाटलं आजार उसळलाय. डोस वाढवला. चार दिवसांनी परत आले, अवस्था आणखी वाईट. तेव्हा ती माउली म्हणाली, "साहेब, आजारात असा नव्हता. औषध वाढवलं की असा होतो." बाईंचं निदान माझ्यापेक्षा अचूक होतं. त्या त्रासाला अकाथिसिया म्हणतात. मनोविकारावरच्या औषधांमुळे शरीरात अशी बेचैनी सुरू होते की माणसाला एका जागी बसवत नाही, उभं राहवत नाही. रुग्ण सांगतात, पायांत मुंग्या सोडल्यात, आतून कोणीतरी ढवळतंय, कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं. काहींना हे शब्दांत सांगताच येत नाही. ते फक्त स्वतःला मारतात.

अकाथिसिया साधारणपणे औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत दिसतो. जुन्या औषधांत जास्त, पण रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्रॅझोल या नव्या औषधांनीही होतो. आत्महत्येच्या विचारांशीही त्याचा संबंध आहे, त्यामुळे तो हलक्यात घ्यायचा नसतो. आनंदाची गोष्ट अशी की तो उतरवता येतो: डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉल देणं (दमा असेल तर नाही), थोडे दिवस क्लोनॅझेपाम. हाताच्या थरथरीवर देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल यात फारशी कामाला येत नाही, आणि नेमकी तीच सर्रास लिहिली जाते. यातलं काहीही घरी ठरवायचं नाही. गोळ्या एकदम बंद करणं तर अजिबातच नको, कारण मग आवाज परत येऊ शकतात आणि एका त्रासाचे दोन होतात.

तुमच्या पत्रात डोस वाढवल्याची तारीख आणि जखमांची तारीख एवढी जवळ आहे की मी पहिला संशय इथेच घेतो. पण न बघता खात्री देणार नाही, कारण दुसरी शक्यताही तितकीच गंभीर आहे.

ती म्हणजे आवाज. भास होणाऱ्या सगळ्यांनाच धोका असतो असं नाही. पुष्कळांना आवाज नुसते बडबडतात, टिंगल करतात, शेजारी काय बोलले ते सांगतात. पण काही आवाज हुकूम देतात. "कर, नाहीतर आईला काहीतरी होईल." असा हुकूम असला की माझे प्रश्न ठरलेले असतात. आवाज कोणाचा, ओळखीचा आहे का? तो देवासारखा, सर्वशक्तिमान वाटतो का? ऐकलं नाही तर काय होईल असं वाटतं? याआधी कधी ऐकलंस का? नाही म्हणता येतं का? ज्या आवाजाची ओळख पटलेली असते आणि ज्याची ताकद अफाट वाटते, त्याचा हुकूम पाळला जाण्याची शक्यता जास्त. आणि बरेच जण तडजोड करतात. आवाज मोठं काही मागतो, रुग्ण लहान जखम करून त्याला शांत करतो. नातेवाइकांना ती "किरकोळ" जखम दिसते. रुग्णासाठी ती मोठी जखम टाळायचा प्रयत्न असते.

तिसरं कारण पक्क्या चुकीच्या समजुतीचं. कातडीखाली चिप बसवलीय, किडे फिरताहेत, रक्तात विष आहे ते बाहेर काढायला हवं. इथे माणूस स्वतःला शिक्षा करत नसतो, त्याच्या मते तो उपचार करत असतो. त्यामुळे तो घाबरलेला दिसत नाही, रडत नाही, शांतपणे सांगतो. हा शांतपणाच घातक. डोळा किंवा गुप्तांग यांना होणाऱ्या भयंकर इजा याच वाटेने येतात. त्या दुर्मीळ आहेत, पण त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या आजाराच्या पहिल्याच झटक्यात, उपचार सुरू व्हायच्या आधी झालेल्या आढळतात. म्हणून "आधी देवऋषी करून बघू, मग डॉक्टर" हे मला कधीच पटलेलं नाही. मामांशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, अंगारा लावायला हरकत नाही, पण गोळी चुकणार नाही आणि उपास, मार, डागणं यातलं काही होणार नाही. माझ्या अनुभवात घरातली मोठी माणसं या तडजोडीला तयार होतात.

चौथं कारण सगळ्यात गुपचूप येतं. आवाज थांबलेत, झोप लागते, घरचे खूश आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी मुलाच्या लक्षात येतं की आपल्याला काय झालं होतं. बरोबरीचे नोकरीला लागले, लग्नं झाली, आपण इथे आईच्या हातून गोळ्या घेतोय. आजाराची जाण येणं चांगलंच, पण तिच्याबरोबर निराशा आली तर धोका वाढतो. विशेषतः शिकलेल्या, आधी हुशार म्हणून नाव असलेल्या तरुणांत. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ टक्के जण आत्महत्येने जातात. आजाराची पहिली काही वर्षं आणि रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे यांत हा धोका सर्वांत जास्त. घरचे मात्र डिस्चार्ज मिळाला म्हणून निर्धास्त होतात.

निराशा आणि आजारातली अलिप्तता यांत गल्लत होते. दोन्हींत माणूस गप्प, बिछान्यात, अंघोळ नाही. पण अलिप्त माणसाला आतून फारसं दुःख नसतं. निराश माणूस विचारलं तर सांगतो: मी ओझं आहे, काही होणार नाही, पहाटे तीनला जाग येते. हा फरक मोजायला स्किझोफ्रेनियासाठीच बनवलेली नऊ प्रश्नांची कॅलगरी मोजपट्टी आहे. तुमच्या डॉक्टरांना ती माहीत असेल. जाता जाता, ज्या कॅलगरी विद्यापीठात ती तयार झाली तिथेच शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे आपली "सा", उभी केली. मोजपट्टीचा आणि वाणींचा परस्परांशी संबंध नाही, पण हा योगायोग मला आवडतो.

दारू-गांजाबद्दल भावाला रागावून विचारू नका, पण विचारा. वरच्या प्रत्येक कारणाला ते इंधन घालतात. आणि जे रुग्ण फारसं बोलत नाहीत त्यांच्या डोकं आपटण्यामागे किडलेला दात, कानाचं दुखणं किंवा आठवडाभराचं बद्धकोष्ठही सापडतं. मनोविकाराचं लेबल लागलं की शरीर तपासायचं राहून जातं. ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे.

काही खुणा स्व-इजेच्या नसतातच. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातले भाजल्याचे डाग बहुधा विडी-सिगारेट पार टोकापर्यंत ओढल्याचे असतात. रात्री खाजवून झालेले ओरखडे, बोटांच्या फटींत आणि कमरेवर पुरळ, घरात आणखी कोणाला खाज, असं असेल तर ती खरूज. मनगटाभोवती गोल वळ असेल तर कोणीतरी बांधलं होतं. पाठीवर जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथली खूण दुसऱ्या कोणाची. हे शेवटचं विचारायला अवघड, पण मी विचारतोच. उलट बाजूने, उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट, अंघोळीला जास्त वेळ, उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हातावर एकसारख्या समांतर रेघा, तक्क्याच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके, हे बघत राहा. आणखी एक: या आजारात बऱ्याच जणांना वेदना कमी जाणवते. "दुखत नाही" म्हणाला म्हणून जखम उथळ आहे असं समजू नका. ती स्वतः बघा, स्वच्छ पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते तपासा.

विचारायचं कसं, हे घरच्यांना सगळ्यात अवघड जातं. "असं का केलंस?" या प्रश्नात आरोप असतो, उत्तर येत नाही. दोघंच असताना, शक्यतो शेजारी बसून, समोरासमोर नव्हे, म्हणा: "हातावर जखमा बघितल्या. रागावले नाही. ते करायच्या आधी काय वाटत होतं?" मग थांबा. तो गप्प राहिला तर पर्याय द्या: "बेचैनी होते का? कोणी सांगतं का? शरीरात काही आहे असं वाटतं का? जगावंसं वाटत नाही असं होतं का?" मरणाबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. आवाज खरा नाही हे पटवायला जाऊ नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला येतो आणि त्याचा त्रास होतो, हे मला कळतं," एवढं पुरे.

"आईच्या गळ्याची शपथ घे, पुन्हा करणार नाहीस" हे नको. शपथेने धोका कमी होत नाही, फक्त पुढच्या वेळी तो लपवतो. आणि तुमच्या आईंना माझा निरोप: ज्याला सिगारेट मागायलाही बोलवत नाही, तो लक्ष वेधून घ्यायला जखमा करतो हे फार क्वचित. आणि समजा वेधून घेतच असेल, तर द्यावं ना लक्ष.

उपचारांकडे येऊ. अकाथिसिया असेल तर तो आधी उतरवायचा. आवाज किंवा समजुती जोरात असतील तर आधी एक साधी गोष्ट तपासायची: गोळ्या खरंच पोटात जातात का? निम्म्या वेळा "औषध लागू पडत नाही" म्हणजे गोळी गादीखाली असते. तिथे दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन बरं, रोजचं भांडणही मिटतं. निराशा असेल तर तिच्यावर वेगळं औषध लागतं. धोका तातडीचा असेल, जेवणखाण बंद असेल, तर ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार. सिनेमातल्या शॉकचं चित्र डोक्यातून काढा. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला कायद्यानेच बंदी आहे.

आणि क्लोझापिन. या औषधाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते फार उशिरा दिलं जातं. स्किझोफ्रेनियात आत्महत्येचं वर्तन कमी करण्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिलेलं हे औषध आहे, २००२ साली. त्यामागच्या चाचणीत ९८० रुग्ण होते, दोन वर्षं तपासले, तुलना ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाशी. क्लोझापिन घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले. नेहमीचा नियम असा की दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सुमारे सहा आठवडे देऊनही फरक पडला नाही तर क्लोझापिनचा विचार करावा. आत्महत्येचा धोका सतत राहत असेल तर मी त्याहून लवकर करतो.

मग सगळे घाबरतात कशाला? १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधावरचे काही रुग्ण पांढऱ्या पेशी एकदम घटून दगावले, तेव्हापासून रक्ततपासणी सक्तीची झाली. हे शंभरात एकाहूनही कमी जणांना होतं आणि बहुतेकदा सुरुवातीच्या महिन्यांत. आपल्याकडे साधारण पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, मग हळूहळू अंतर वाढवतात. मी नातेवाइकांना चार गोष्टी कागदावर लिहून देतो. ताप किंवा घसा दुखला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. बद्धकोष्ठ दोन दिवसांहून जास्त चालू द्यायचं नाही, कारण या औषधात आतडी मंदावून जिवावर बेतू शकतं. पहिल्या महिन्यात छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच यायचं. आणि दोन दिवसांहून जास्त गोळ्या चुकल्या तर जुना डोस स्वतःहून सुरू करायचा नाही, पुन्हा तळापासून, साडेबारा मिलिग्रॅमपासून चढावं लागतं. भाऊ सिगारेट ओढत असेल आणि अचानक सोडली तर रक्तातलं क्लोझापिन वाढतं, तेही डॉक्टरांना सांगायचं. लाळ गळते, वजन वाढतं, झोप येते. हे सगळं खरं. तरीही माझ्या काही रुग्णांच्या हातावर पांढरे जुने वण आहेत आणि गेली कित्येक वर्षं नवीन एकही नाही.

बोलण्याच्या उपचाराला आपल्याकडे कमी लेखतात. आवाजाचं म्हणणं मोडण्याची छोटी तालीम करून घेता येते. आज हुकूम आला तर दहा मिनिटं थांबून बघायचं. आईला काही झालं का? नाही झालं. आवाजाची ताकद अशी हळूहळू उतरते. ते मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करायचं, घरी प्रयोग नको.

घरी तुम्ही करायचं ते वेगळं. औषधाचा साठा कुलपात आणि एका वेळी आठवड्यापुरताच. शेतीची फवारणीची औषधं घरात अजिबात नको, शेजाऱ्याकडे ठेवा. धारदार वस्तू नजरेआड ठेवा, पण झडती घेतल्यासारखं करू नका, त्याला आधी सांगून करा. साखळी किंवा दोरी कधीच नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे, आणि २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवलेल्या जागी आग लागली तेव्हा बांधलेले २८ जण पळू शकले नव्हते.

पोलिसांच्या भीतीने "पाय घसरून पडला" असं डॉक्टरांना सांगू नका. चुकीच्या माहितीवर चुकीचा उपचार होतो. २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद करील, ती घाबरायची गोष्ट नाही. तो दाखल व्हायला तयार नसेल आणि स्वतःला इजा करत असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाच्या) अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग गाठा, औषधं तिथे मोफत मिळतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

तुम्ही एकट्याच धावपळ करताय असं पत्रावरून वाटलं. शुभंकरांचे, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांचे, स्वमदत गट असतात, तिथे हाच प्रश्न घेऊन आलेलं दुसरं कोणीतरी नक्की भेटेल.

आज रात्री एक काम करा. भावाला शेजारी खुर्ची द्या, चहा द्या, टीव्ही लावा आणि घड्याळ बघा. दहा मिनिटं तो नीट बसू शकतो का? पाय सतत हलवतो का, उठून येरझाऱ्या घालतो का, मांडीवरून मांडी सारखी बदलतो का? बसता येत नसेल तर विचारा, "बसवत नाही का?" त्याचं उत्तर जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. उद्या फोनवर पहिल्यांदा तेच वाचून दाखवा.